क्लच सोडताना टाच जमिनीवर ठेवायची की अख्खा पाय उचलायचा?

शिकाऊ_कोथरूड

नमस्कार मंडळी. क्लचवर पाय नेमका कसा ठेवायचा याबद्दल दोन अगदी उलटे सल्ले मिळालेत, म्हणून विचारतेय. क्लासच्या सरांनी सांगितलं की टाच जमिनीला टेकलेलीच हवी, फक्त पंजा वर-खाली करायचा. घरचे म्हणतात, अख्खा पाय उचलून दाबायचा, टाच टेकवायचीच नाही.

गाडी छोटी पेट्रोल हॅचबॅक आहे, पाच गिअरची, केबलचा क्लच. माझी उंची ५ फूट १ इंच, पाय लहान, ४ नंबरचा. टाच टेकवून दाबलं तर पेडल तळापर्यंत जात नाही आणि रिव्हर्स टाकताना खर्रकन आवाज येतो. पाय उचलून दाबलं तर पेडल पूर्ण जातं, पण सोडताना पाय थरथरतो आणि गाडी हिसका मारून बंद पडते. पौड रोडच्या ट्रॅफिकमध्ये अर्ध्या तासात डावी नडगी दुखायला लागते. पोटरी नाही, पुढची बाजू. क्लासच्या गाडीत यातलं काहीच होत नव्हतं.

बरोबर पद्धत कोणती? आणि सोसायटीच्या बेसमेंटमधून वर येताना मध्येच रॅम्पवर थांबावं लागलं, तर पायांचा क्रम काय ठेवायचा?

शिकवणी_सिंहगडरोड

ताई, दोन्ही सल्ले अर्धे-अर्धे बरोबर आहेत. दाबताना पाय उचलायचा, सोडताना टाच टेकवायची. दाबणं आणि सोडणं या दोन वेगळ्या हालचाली आहेत आणि त्यांना पायाचे वेगवेगळे भाग लागतात. हे क्लासमध्ये सुटं करून सांगितलं जात नाही, तिथेच घोटाळा होतो.

पण त्याआधी सीट. गाडी बंद, न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. पाठ आणि कंबर सीटला पूर्ण टेकवून बसा आणि क्लच तळापर्यंत दाबा. पेडल तळाला असताना गुडघ्यात थोडा वाक उरला पाहिजे. गुडघा ताठ झाला किंवा शेवटच्या दोन बोटांच्या अंतरासाठी कंबर पुढे सरकवावी लागली, तर सीट एक-दोन खाचा पुढे घ्या. मग छाती आणि स्टेअरिंगचा मध्य यांत किमान २५ सेंटीमीटर अंतर राहतंय ना ते बघा, एअरबॅगसाठी ते गरजेचं आहे. कमी पडलं तर सीटची पाठ थोडी मागे कलवा. सीट वर-खाली होत असेल तर वर घ्या. होत नसेल तर बुडाखाली घट्ट, न सरकणारी बैठक घ्या. मऊ उशी नको. ती क्लच दाबताना दबते आणि तेवढा जोर वाया जातो.

आता दाबणं. पेडलच्या रबरावर चवडा हवा, म्हणजे बोटांच्या मुळाशी असलेला रुंद भाग. बोटांची टोकं नकोत, तळव्याची खोबण नको. पाय उचलून मांडीच्या जोरावर एका दमात तळापर्यंत. टाच रोवून पंजाने दाबलं की सगळा भार एकट्या पोटरीवर येतो. शिवाय पेडल वरून टांगलेलं असतं, ते स्वतःच्या कमानीत फिरतं. पंजा टाचेभोवती फिरतो. दोन कमानी जुळत नाहीत, म्हणून तळवा रबरावरून सरकतो. ४ नंबरच्या पायाचा चवडा तर अशा वेळी पेडलच्या खालच्या कडेवरच येतो. तिथून निसटला तर क्लच एकदम सुटतो. ट्रॅफिकमध्ये पुढच्या गाडीला धक्का बसायला तेवढं पुरतं.

आता सोडणं. पेडल तळाला गेलं की टाच जमिनीवर उतरवा. पेडल खाली असल्यामुळे लहान पायालासुद्धा ते जमतं. तिथून बाइटिंग पॉइंटपर्यंत, म्हणजे क्लच पकडायला लागतो त्या जागेपर्यंत, टाच टेकलेली, हालचाल फक्त घोट्यातून. थरथर थांबते ती इथे, कारण पायाचं ओझं जमीन घेते. टाच जरा मागे घसरली तर घसरू द्या. तळापासून बाइटिंग पॉइंटपर्यंतचा प्रवास पटकन केला तरी चालतो, तिथे काही घडत नसतं. क्लच पकडायला लागला की पंजा आहे तिथे थांबवा, एक-दोन सेकंद. चाकं फिरायला लागली तरी लगेच सोडू नका, गाडी एक-दीड मीटर सरकू द्या. मग उरलेलं पेडल हळू सोडा. शेवटच्या टप्प्यात टाच उचलली गेली तरी हरकत नाही, गाडी तोवर चालती झालेली असते. नवशिक्यांची गाडी बहुतेकदा बंद पडते ती या मधल्या सेकंदाला. गाडी हलली की पाय निर्धास्त होतो आणि पेडल सुटतं.

नडगीचं दुखणं वेगळं आहे. पुढच्या बाजूचा स्नायू पंजा वर ओढून धरण्याचं काम करतो. ती जागा दुखते याचा अर्थ क्लच सोडल्यावरही तुमचा पंजा पेडलच्या वर अधांतरी राहतोय, पुढच्या गिअरची वाट बघत. गिअर बदलला की डावा पाय पेडलच्या डाव्या बाजूला, पाय ठेवायच्या जागेवर सपाट ठेवा. तुमच्या गाडीत तशी पट्टी नसेल तर सरळ जमिनीवर.

क्लासच्या गाडीत सरांच्या पायाशीही क्लच-ब्रेक असतात आणि ते तुमच्या पेडलला जोडलेले असतात. बाइटिंग पॉइंट बऱ्याचदा त्यांचा पाय सांभाळतो. तुम्हाला वाटतं गाडी आपण उचलली.

उजवी_लेन

टाच कायम टेकवूनच चालवावं असं माझं ठाम मत आहे. सगळा ताबा टाचेत असतो. पाय उचलून क्लच दाबणारे लोक दर गिअरला मागच्या सीटवरच्या माणसाची मान हलवतात.

शिकवणी_सिंहगडरोड

९-१० नंबरचा पाय, खाली बसवलेलं हलकं पेडल आणि कमी प्रवास, असं असेल तर टाच न हलवता पूर्ण दाबता येतं, मान्य. पण इथे ४ नंबरचा पाय आहे आणि रिव्हर्स खरखरतोय. खरखर म्हणजे पेडल तळाला गेलं नाही, इंजिन आणि गिअरबॉक्स पूर्ण सुटे झाले नाहीत. अशा पायाला टाच रोवून ठेवायला सांगितलं तर गिअर खराब होतील. मान हलते ती सोडताना, दाबताना नाही.

गॅरेज_धनकवडी

पायाचं वर सांगितलंय ते बरोबर आहे. गाडीकडेही बघा, कारण पेडलच चुकीच्या जागी पकडत असेल तर पाय कितीही तयार केला तरी थरथरणारच.

आधी आत काय होतं ते. इंजिनला फ्लायव्हील, म्हणजे एक जड फिरती चकती, जोडलेलं असतं. त्याच्यापुढे क्लच प्लेट, तिला मागून दाबून धरणारी प्रेशर प्लेट. पेडल दाबलं की केबल फोर्क (एक छोटी दांडी) ओढते, फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगच्या बोटांवर दाब देतं आणि मधली प्लेट मोकळी होते. सोडताना प्लेट पुन्हा चिमटली जाते. चिमटायला सुरुवात होते ती जागा म्हणजे बाइटिंग पॉइंट. तिथे प्लेट घासते, गरम होते, झिजते. ती झीज ठरलेलीच आहे. तिथे किती वेळ थांबता, एवढंच आपल्या हातात आहे.

आता मोजा. इंजिन बंद, पायाशी वाकून हाताने पेडल हलकेच दाबा. सुरुवातीचं थोडं अंतर सैल जातं आणि मग जोर लागायला लागतो. ते सैल अंतर म्हणजे फ्री प्ले. पट्टी उभी धरून मोजा. केबलच्या बहुतेक गाड्यांत ते साधारण एक ते दोन सेंटीमीटर असतं, तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत आहे. (काही गाड्यांची केबल स्वतः ॲडजस्ट होते, तिथे हे मोजमाप लागू नाही.) प्लेट झिजत गेली की केबलच्या क्लचमध्ये फ्री प्ले कमी होतो आणि बाइटिंग पॉइंट वर सरकतो. म्हणजे पेडल जवळजवळ पूर्ण वर आल्यावर गाडी उचलते. लहान पायाला तिथपर्यंत टाच टेकवून जाताच येत नाही. उलट फ्री प्ले जास्त असेल तर पेडल तळाला जाऊनही क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर खरखरतात.

रिव्हर्सचं आणखी एक. बऱ्याच छोट्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो (दात्यांचा वेग आपोआप जुळवणारा भाग) नसतो. गाडी पूर्ण थांबवा, क्लच तळापर्यंत दाबा, दोन-तीन सेकंद थांबा, मग टाका. गिअरबॉक्समधले दाते फिरायचे थांबायला तेवढा वेळ लागतो. तरीही अडला तर जोर करू नका. न्यूट्रलला आणून क्लच एकदा सोडा, पुन्हा दाबा, मग टाका.

पेडल जड वाटत असेल तर केबल बघून घ्या. पावसाळ्यानंतर आतून गंज धरलेली, तारा तुटायला लागलेली केबल खरखरत सरकते आणि पेडल धक्क्याधक्क्याने वर येतं. दोष केबलचा आणि बोलणी शिकणाऱ्याला. हे फार वेळा होतं. हायड्रॉलिक क्लचवाल्यांनी, म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबावर क्लच चालतो त्यांनी, तेलाची पातळी बघावी. पेडल मऊ पडलं किंवा दाबून धरलं की आपोआप खाली बसत गेलं, तर गळती आहे किंवा हवा शिरली आहे.

शिकाऊ_कोथरूड

खूप आभार. सीट दोन खाचा पुढे घेतली. आता पेडल तळाला असताना गुडघ्यात वाक राहतोय. पट्टीने तीनदा मोजलं, फ्री प्ले जेमतेम ३ मिलिमीटर आहे. पुस्तिकेत १० ते १५ दिलाय. आणि हो, गाडी पेडल जवळजवळ वर आल्यावरच उचलते. ड्रायव्हरच्या पायाशी मूळ मॅटवर अजून एक जाड रबरी मॅट आहे, पावसाळ्यात टाकलेली, त्यावर रद्दीचा पेपर. त्याने फरक पडतो का?

गॅरेज_धनकवडी

पडतो, आणि ते धोक्याचंही आहे. वरची मॅट आजच काढा. दीड सेंटीमीटरची जाड मॅट असेल तर पेडलचा तेवढा प्रवास खालून गेला. रिव्हर्सच्या खरखरीत तिचाही हात असणार. पेपर ओल्या चपलेखाली घडीने सरकतो आणि पेडलच्या मागे जाऊन बसतो. पावसात एकच मॅट, मूळ खुंटीला अडकवलेली, आणि गाडीत बसल्यावर तळवे त्याच मॅटवर दोनदा घासून कोरडे करायचे. पायाशी पाण्याची बाटली ठेवू नका, ती घरंगळत ब्रेकखाली जाते.

३ मिलिमीटरला गाडी चालवत राहू नका. फ्री प्ले पूर्ण संपला की बेअरिंग सतत स्प्रिंगला टेकून राहतं आणि क्लच अर्धवट दाबल्यासारखा घसरतो. गॅरेजमध्ये केबलच्या टोकाचं नट फिरवून १०-१५ वर आणून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. त्यांना एक नक्की विचारा: नटला अजून किती आटे शिल्लक आहेत? आटे संपत आले असतील तर प्लेट झिजलेली आहे.

प्लेट घसरते का ते तपासायला मोकळ्या सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाने चालवत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. इंजिनचा आवाज आणि आरपीएमचा (इंजिनच्या फेऱ्यांचा) काटा झपकन वर गेला आणि वेग मात्र तेवढा वाढला नाही, तर प्लेट घसरतेय. हे तुम्ही नका करू, सराईत माणसाला करायला सांगा.

शिकवणी_सिंहगडरोड

केबल लावून आणल्यावर बाइटिंग पॉइंट खाली आलेला असेल, म्हणजे पायाला नव्याने शिकवावं लागेल. रविवारी सकाळी लवकर, सपाट, रिकाम्या जागी, शेजारी लायसन्सवालं माणूस. एसी बंद.

उजवा पाय ब्रेकवर, डाव्याने क्लच तळाला, पहिला गिअर. टाच टेकवा. ब्रेक सोडा. जागा सपाट असेल तर गाडी हलणार नाही. ॲक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, अजिबात लावायचा नाही. घोट्यातून क्लच हळू सोडत जा आणि होल्डरमधल्या अर्ध्या भरलेल्या पाण्याच्या बाटलीकडे लक्ष ठेवा. पाण्यावर बारीक लहरी उठतात, इंजिनचा आवाज किंचित जड होतो, आरपीएमचा काटा ५०-१०० ने खाली येतो. हाच बाइटिंग पॉइंट. गाडी सरकायच्या आत पुन्हा तळापर्यंत दाबा. असं दहा वेळा. मग पुढच्या दहा वेळा त्या जागी दोन सेकंद थांबून गाडी सरकू द्या, क्लच पूर्ण सोडा, चालण्याच्या वेगाने चार-पाच मीटर जा, आधी क्लच मग ब्रेक दाबून थांबवा. दर दहा वेळांनंतर न्यूट्रलला टाकून, पाय काढून पाच मिनिटं विश्रांती. जळका वास आला तर त्या दिवसापुरतं बस.

ॲक्सिलरेटरशिवाय हे जमायच्या आत ॲक्सिलरेटर जोडू नका. रेस देऊन क्लचची चूक झाकली जाते आणि प्लेट जळते.

पायात सपाट, पातळ तळाचे बूट किंवा मागे पट्टा असलेली सँडल. मागून मोकळी स्लिपर पेडलखाली अडकते, जाड तळाच्या स्पोर्ट्स शूजमधून बाइटिंग पॉइंट कळत नाही.

घाटरस्ता

रॅम्पचा प्रश्न राहिला, तो घेतो. पहिली गोष्ट रॅम्पच्या खालीच करायची: पुढची गाडी वर जाऊन रस्त्याला लागेपर्यंत आपण सपाटावर थांबायचं. निम्मी अडचण तिथेच संपते.

तरी मध्ये थांबावं लागलं तर ब्रेक आणि क्लच दाबून थांबा, हँडब्रेक पूर्ण ओढा. क्लच तळाला, पहिला गिअर. आता उजवा पाय ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर आणा. हँडब्रेकने गाडी धरली नाही तर लगेच ब्रेकवर परत, आणि हँडब्रेक कसून घेतल्याशिवाय त्या रॅम्पवर जाऊ नका. काटा १५०० ते २००० च्या दरम्यान आणून तिथेच धरा. टाच टेकवून क्लच बाइटिंग पॉइंटपर्यंत सोडा. बॉनेट जरा वर उचलल्यासारखं आणि मागची बाजू बसल्यासारखी वाटते. डावा पाय तिथेच गोठवा, बटण दाबून हँडब्रेक खाली. गाडी मागे न येता जागेवर राहील किंवा पुढे सरकेल. थोडी रेस वाढवा, गाडी चालू लागली की क्लच सोडा. मागे सरकली तर घाबरून क्लच सोडायचा नाही, आधी ब्रेक. आणि पुन्हा पहिल्यापासून.

क्लचवर गाडी तोलून धरणं, म्हणजे चढावर हँडब्रेक न लावता हाफ क्लच आणि रेसवर उभं राहणं, ही सवय लावून घेऊच नका. कोथरूड डेपोकडून चांदणी चौकाकडे चढताना किंवा रविवारी सिंहगडाच्या घाटात रांग लागली की अशाच गाड्यांतून वास येतो. वास आलाच तर बाजूला घ्या, हँडब्रेक, न्यूट्रल, क्लचवरून पाय काढा आणि १०-१५ मिनिटं थंड होऊ द्या.

उतारावर उलटी चूक होते. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या लांब उतारावर काही जण क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडतात. इंजिनची ओढ गेली की सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापले की धरत नाहीत. तिथे तिसरा-चौथा गिअर, डावा पाय क्लचपासून लांब.

उजवी_लेन

माझं आधीचं मत मोठ्या पायापुरतं होतं हे मान्य करतो. सिग्नलला क्लच दाबून धरलेला बरा की न्यूट्रल? त्यावरही मतभेद असतात.

गॅरेज_धनकवडी

न्यूट्रल, आणि पाय बाहेर. क्लच पूर्ण दाबलेला असताना प्लेट झिजत नाही, ती मोकळी असते. झिजतं ते रिलीज बेअरिंग, कारण ते दाबाखाली फिरत राहतं. क्लच दाबल्यावर घरघर किंवा किरकिर येते आणि सोडल्यावर जाते, ती याच बेअरिंगची. बेअरिंग छोटं, पण बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून ते बदलताना प्लेटचीही अवस्था बघून घ्या, नाहीतर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. जिथे सिग्नलला सेकंद दिसतात तिथे आकडा ५ वर आला की क्लच दाबून पहिला टाकायचा.

शिकवणी_सिंहगडरोड

आणि ताई, कर्वे रोडला नळ स्टॉपच्या आसपास गाड्या इंचा-इंचाने सरकतात तेव्हा प्रत्येक इंचाला क्लच सोडू नका. पुढे एक-दीड गाडीचं अंतर पडू द्या. मग पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून, ॲक्सिलरेटर न देता गाडी स्वतःच्या चालीने पुढे जाऊ द्या. त्या मोकळ्या जागेत दुचाकी शिरतील, मागचा हॉर्न देईल. शिरू द्या, देऊ द्या. दहा वेळांच्या जागी तीन वेळा क्लच लागेल.

केबल लावून झाली की नवीन फ्री प्ले आणि बाइटिंग पॉइंट पेडलच्या प्रवासात साधारण कुठे आला ते इथे लिहा. अजून वरच असेल तर सीटची उंची पुन्हा बघावी लागेल.